आडवी विहीर : जमिनीखालच्या विषाचा एक इतिहास



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, मराठेशाही, सयाजीरावांची राजनीती अशा विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. माझा त्यांपैकी कशावरही अधिकार नाही. मी आयुष्यभर रसायनांच्या कारखान्यांत नोकरी केलेला माणूस. तरीही विश्वस्तांचे निमंत्रण नाकारता आले नाही, कारण ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्या सरांनीच एके काळी, नकळत, आजचा विषय माझ्या पदरात टाकला होता.

१९५८ साली सरांनी आमच्या वर्गाची सहल बऱ्हाणपूरला नेली होती. बडोद्याहून सुरत, सुरतेहून तापीकाठच्या लोहमार्गाने भुसावळ आणि मग बऱ्हाणपूर. आम्हांला किल्ला आणि मुमताजमहलची हकीगत यांचे आकर्षण. सरांनी मात्र पहिल्याच सकाळी आम्हांला गावाबाहेर कुंडी भंडाऱ्यावर नेले. माळावर ओळीने विहिरींसारखी गोल तोंडे दिसत होती. सरांनी आम्हांला एकेका तोंडाशी ओणवे करून कान द्यायला लावला. खोलवर पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. साठलेले पाणी आवाज करीत नाही, हे त्या वयातही कळत होते. सर म्हणाले, ‘‘विहीर उभीच असते असे तुम्हांला कोणी सांगितले? ही विहीर आडवी आहे. तुम्ही पाहता आहात ती तिची फक्त नाकपुडी.’’

तो भंडारा अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाच्या योजनेने खोदला गेला. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरून येणारे पाणी आडव्या भुयारात झिरपते आणि अगदी मंद उताराने, कोणत्याही मोटेशिवाय, शहराकडे येते. इराणात या रचनेला कनात म्हणतात आणि तिथे ती अडीच-तीन हजार वर्षे जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने औरंगाबादेत बांधलेली नहर याच कुळातली. आपल्या बडोद्याला मही नदीच्या वाळूतून पाणी देणाऱ्या ‘फ्रेंच विहिरी’ही दूरच्या नात्याने याच घरातल्या : मधे एक रुंद उभा कूप आणि त्याच्या तळाशी चाकाच्या आऱ्यांप्रमाणे वाळूत घुसवलेल्या आडव्या, छिद्रांच्या नळ्या. अमेरिकेतील लिओ रॅनी या तेलक्षेत्रातील अभियंत्याने तेलासाठी योजलेली ही युक्ती १९३० च्या दशकात लंडनमध्ये पाण्यासाठी वापरली गेली आणि जगभर पसरली. सकाळी नळाला पाणी आले की आपण आडव्या विहिरीचे ऋणी असतो, हे बडोदेकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

हा सारा इतिहास चांगले पाणी आणण्याचा. मला सांगायचे आहे ते पुढचे प्रकरण, घाण बाहेर काढण्याचे. आणि त्यात माझाही एक लहानसा, न शोभणारा भाग आहे.

१९७१ साली मी शहराबाहेरच्या एका कारखान्यात लागलो. धातूच्या सुट्या भागांवरचे तेल-ग्रीस काढण्यासाठी तेथे ट्रायक्लोरोएथिलीन वापरत. गोडसर वासाचा, पाण्याहून जवळजवळ दीडपट जड, चटकन उडून जाणारा द्रव. वापरून काळा झाला की तो एका उघड्या मोरीतून मागच्या आवारातल्या कच्च्या खड्ड्यात सोडत. तो खड्डा भरत का नाही, असा प्रश्न एका जुन्या कामगाराने मला विचारला होता. मी, नवा पदवीधर, त्याला ऐटीत म्हणालो, ‘‘अहो काका, ते उडून जाते.’’ काही उडून जात होते हे खरे. उरलेले कोठे जात होते हे मी स्वतःलाही विचारले नाही. तीन वर्षे त्या खड्ड्याच्या नोंदवहीवर माझी सही आहे.

त्याच सुमारास, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात एकेन गावाजवळ हेच चालले होते, फक्त प्रचंड प्रमाणावर. सव्हाना नदीकाठी १९५१ पासून उभारलेला तो सरकारी कारखाना अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम आणि ट्रिशियम तयार करी. त्याच्या ‘एम’ विभागात अणुभट्ट्यांसाठी लागणारे धातूचे भाग घडत आणि ते धुण्यासाठी तीच क्लोरीनयुक्त विद्रावके वापरली जात. वापरलेला द्रव जमिनीखालच्या सांडपाण्याच्या नळातून, १९५८ पासून, एका अस्तर नसलेल्या तळ्यात जाई. काही भाग ओढ्यात. तीन दशकांच्या आत सुमारे ३५ लाख पौंड, म्हणजे १,६०० टनांच्या आसपास विद्रावके अशी बाहेर टाकली गेली. तो नळ जागोजागी गळका होता. १९८१ साली भूजलात हे विष सापडले.

विषाचे गणित पाहावे म्हणजे हे किती आहे ते कळेल. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीनची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर ट्रायक्लोरोएथिलीनचे वजन सुमारे १.४६ किलो. एवढे एक लिटर जर पाण्यात सारखे मिसळले तर सुमारे २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत बिघडेल. हा द्रव माणसात कर्करोग करतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली निश्चित केले. मी नोंदवहीवर सह्या करीत होतो तेव्हा आम्ही त्याच द्रवाने हात धूत असू.

एकेनच्या अभियंत्यांनी प्रथम जे केले ते आपण कोणीही केले असते. उभ्या विहिरी खणल्या, पाणी उपसले, उंच मनोऱ्यातून खाली सोडून त्यावर हवा फुंकली आणि विद्रावक उडवून लावले. १९८५ पर्यंत अशा ११ विहिरी सुरू झाल्या. पाणी स्वच्छ होऊन बाहेर येई, आणि तरीही जमिनीखालचा साठा जसाच्या तसा. भूगर्भ म्हणजे हौद, तो उपसला की रिकामा होईल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो वाळू आणि चिकणमातीच्या पातळ थरांचा डोंगर असतो. जड द्रव पाण्यात विरघळण्याआधीच खाली सरकतो, चिकणमातीच्या फटींत शिरून बसतो आणि तेथून वर्षानुवर्षे कणाकणाने पाण्यात उतरत राहतो. उपसणारा थकतो, तो थकत नाही. हा अनुभव एकट्या एकेनचा नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली अशा ७७ ठिकाणांचा आढावा घेतला, तेव्हा ६९ ठिकाणी ठरवलेले उद्दिष्ट गाठलेले नव्हते.

शिवाय उभ्या विहिरीची एक मूळचीच अडचण आहे. बाधित पाण्याचा पट्टा लांब, रुंद, पण जाडीला थोडा असतो. उभी विहीर त्या पट्ट्याला टाचणीसारखी टोचते. तिच्या शंभर फुटांपैकी काही फूटच कामी येतात, बाकीचे नुसते वाटेचे. तीच विहीर पट्ट्यात आडवी निजवली तर तिची सारी लांबी कामाला लागते. वर इमारत असो, रस्ता असो, तिला त्याची पर्वा नाही.

हे सुचणे आणि करता येणे यांत अंतर होते, आणि ते भरून काढले दुसऱ्याच धंद्यांनी. १९७१ साली कॅलिफोर्नियात मार्टिन चेरिंग्टन या कंत्राटदाराने पाहारो नदीच्या तळाखालून, नदी न खणता, वाकत जाणाऱ्या छिद्रातून वायुवाहिनी पार नेली. १९८० च्या सुमारास फ्रान्समधील लाक आणि इटलीच्या समुद्रातील रोस्पो मारे येथे तेलाच्या विहिरी आडव्या वळवण्यात यश आले. उभे उतरत जायचे आणि ठरल्या खोलीवर पाते वळवून आडवे व्हायचे, ही कारागिरी तेलवाल्यांकडे होती. एकेनच्या प्रयोगशाळेतील जॉन कोरी, ब्रायन लूनी आणि डॉन कॅबॅक यांनी ती भूजलशुद्धीसाठी वळवून घेतली. त्यांच्या कल्पनेला १९८९ साली पेटंट मिळाले. विहिरी त्यापूर्वीच, १९८८ साली, खणून तयार होत्या.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. त्या दोन विहिरी कोठे खणल्या? त्या जुन्या गळक्या नळाच्याच रेषेने. विष ज्या वाटेने जमिनीत शिरले त्या वाटेला समांतर. एक सुमारे १६५ फूट खोल, पाण्याच्या पातळीखाली, ३०० फूट लांबीची. दुसरी तिच्या वर, सुमारे ७५ फुटांवर, कोरड्या मातीत, १७५ फूट लांबीची. खालच्या विहिरीतून हवा सोडायची; ती ओल्या वाळूतून वर येताना विद्रावकाची वाफ आपल्याबरोबर उचलते. वरची विहीर पंपाने ती ओढून घेते. पाणी उपसायचेच नाही. जमिनीलाच श्वास घ्यायला लावायचा.

जुलै १९९० मध्ये प्रयोग सुरू झाला आणि १३९ दिवस चालला. नुसत्या वरच्या विहिरीच्या ओढीने दिवसाला सुमारे ११० पौंड विद्रावक बाहेर येई. खालून हवा सोडल्यावर त्यात आणखी सुमारे २० पौंडांची भर पडली. एकूण हिशेब १६,००० पौंडांच्या जवळ, म्हणजे सात टनांहून थोडा अधिक. हवा नेमकी कोठून जाते हे पाहण्यासाठी तिच्यात हेलियम मिसळून त्याचा माग काढला गेला, तेव्हा चिकणमातीचे पापुद्रे तिला अडवतात, वळवतात, हेही दिसले.

१९९२-९३ मध्ये त्याच विहिरींतून हवेत एक ते चार टक्के मिथेन, म्हणजे आपल्या गोबरगॅसमधला मुख्य वायू, मिसळून सोडण्यात आला. मातीत मिथेनवर जगणारे जिवाणू असतात. मिथेन पचवण्यासाठी ते जे विकर तयार करतात, तेच वाटेत भेटलेल्या ट्रायक्लोरोएथिलीनलाही तोडते. जिवाणूला त्याचा काही लाभ नाही. ते त्याचे निव्वळ अनवधान. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी, पण ही एवढी गोष्ट वाचताना मला माझ्या विषयाचे सर्व वैभव थोडे वेळ फिके वाटले.

यशाचे नगारे मात्र मी वाजवणार नाही. ३५ लाख पौंडांतून १६,००० पौंड म्हणजे अर्धा टक्काही नव्हे. त्यातला काही भाग पूर्वीच उडाला, काही ओढ्याने गेला, हे धरले तरी उरलेले फार होते. २००० साली तेथे जुन्या विद्रावकाच्या टाकीखाली वाफ सोडून आणखी एक प्रयत्न करावा लागला. आडव्या विहिरी पुढे विमानतळांच्या धावपट्ट्यांखाली, चालू कारखान्यांखाली सर्रास खणल्या जाऊ लागल्या. पण चिकणमातीत दडलेला द्रव त्यांनाही सहजी हाती लागत नाही. टाकायला एक दिवस पुरतो. काढायला एक पिढी पुरत नाही.

मी काम केलेला तो कारखाना केव्हाच बंद झाला. चार वर्षांपूर्वी मी तेथे गेलो. फाटक नाही, शेड नाही. खड्ड्याच्या जागी, माझ्या अंदाजाप्रमाणे, एका वसाहतीची कमान आणि मागे सायकलींची रांग. एका घराच्या अंगणात कूपनलिकेचा हातपंप होता. मी पाणी मागितले नाही, आणि ते पिऊ नका असे सांगण्याचेही धाडस मला झाले नाही. माझ्याजवळ पुरावा काय होता?

घरी येऊन मी एकेनच्या प्रयोगाचे अहवाल पुन्हा वाचले. त्या लोकांना आडवी विहीर कोठे निजवावी हे ठरवता आले, कारण गळका नळ कोणत्या रेषेने गेला होता याचा नकाशा त्यांच्याजवळ होता. आमच्या मोरीचा नकाशा कोणत्याही दप्तरात नव्हता. ती कोठून वळली, खड्डा किती हात लांब होता, पावसाळ्यात तो कोणत्या बाजूने फुटे, हे जाणणाऱ्यांत बहुधा मी एकटाच उरलो आहे. त्या जुन्या कामगाराला जाऊन बरीच वर्षे झाली.

म्हणून मी बसून तो नकाशा काढला. पावलांच्या मापाने, जुने कडुलिंबाचे झाड आणि रेल्वेची कुंपणभिंत यांच्या आधाराने. एक प्रत संबंधित कार्यालयात दिली. तिच्यावर पोच म्हणून शिक्का मिळाला आहे, उत्तर आलेले नाही. त्या वसाहतीच्या मंडळाच्या अध्यक्षांना मी पत्र लिहून पाण्याची तपासणी करून घ्या, खर्च मी देतो, असे कळवले; गेल्या महिन्यात त्यांचा दूरध्वनी आला आणि येत्या रविवारी आम्ही दोघे नमुना घ्यायला जाणार आहोत. नकाशाची दुसरी प्रत मी आज शाळेच्या ग्रंथपालांकडे देत आहे. सरांनी बऱ्हाणपूरच्या सहलीनंतर आमच्याकडून काढून घेतलेले कुंड्यांचे नकाशे ज्या कपाटात ठेवले होते, ते कपाट अजून जागेवर आहे, असे त्यांनी मला सांगितले आहे.