पहिला प्रोग्रॅम कोणता?

११ फेब्रुवारी २०१४. डेबियनच्या तांत्रिक समितीत आठ माणसं आणि मतं पडली चार विरुद्ध चार. प्रश्न साधा वाटेल असा : कॉम्प्युटर सुरू झाल्यावर सगळ्यात आधी जागा होऊन बाकीच्यांना उठवणारा प्रोग्रॅम कोणता असावा? सिस्टमडी की अपस्टार्ट?

डेबियन म्हणजे १९९३ साली इयन मर्डॉकने सुरू केलेलं लिनक्स. उबुंटू त्याच्यावरच उभं आहे, त्यामुळे तुम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू वापरलं असेल तर डेबियन तुमच्याही हाताखालून गेलंय. त्याला मालक नाही. जगभरातले सुमारे हजार डेव्हलपर ते स्वयंसेवक म्हणून चालवतात. तरी त्यांची लिखित घटना आहे, निवडणूक आहे, नेता आहे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेपेक्षा कारभार नक्कीच नीट.

मतं समसमान पडली, तेव्हा घटनेप्रमाणे अध्यक्ष बडेल गार्बी यांचं निर्णायक मत लागू झालं आणि सिस्टमडी जिंकलं. हरलेल्या चौघांत इयन जॅक्सन होता. १९९८ साली मंजूर झालेल्या त्या घटनेचा मसुदा प्रामुख्याने त्याच्याच हातचा! अपस्टार्ट ज्यांचं होतं त्या उबुंटूवाल्यांनी मात्र तीन दिवसांत जाहीर केलं, की आम्हीही आता सिस्टमडीकडे येतो.

भांडण इथे संपायला हवं होतं. पण विरोधकांचा मुद्दा वेगाचा नव्हता. जुनी पद्धत शेल स्क्रिप्टांची, कुणीही उघडून वाचावी अशी. सिस्टमडी लॉग, लॉगिन, डिव्हाइस असं एकेक काम पोटात घेत चाललं होतं आणि जीनोमसारखा डेस्कटॉप त्याच्यावर विसंबू लागला होता. उद्या दुसरा पर्याय निवडायचा म्हटलं तर तो उरेल का? जॅक्सनने मग सगळ्या डेव्हलपरांच्या मतदानाची मागणी केली : कुठल्याही पॅकेजने एकाच विशिष्ट प्रोग्रॅमची सक्ती करू नये.

मला कॉलेजात असताना हे वाचून जॅक्सनचंच पटलं होतं. आता नोकरीत दुसऱ्याचा कोड सांभाळताना वेगळं दिसतं. दोन्ही पद्धतींवर चालेल असं पॅकेज ठेवायचं म्हणजे कुणीतरी ते दोनदा तपासायचं, दोनदा दुरुस्त करायचं. आणि त्याच घटनेत असंही आहे, की प्रकल्पासाठी काम करण्याचं बंधन कुणावरही नाही. बहुमताने ठराव होईल हो, पण शनिवारी रात्री बसून ते करणार कोण?

नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदान झालं. डेबियनमध्ये एकालाच मत द्यायचं नसतं, पर्यायांना पसंतीक्रम द्यायचा असतो. जिंकलेला पर्याय होता : अशा ठरावाची गरजच नाही. लोक कंटाळले म्हणून असं झालं, असंही कुणी म्हणेल. मला वाटतं, ज्यांचं काम त्यांनी ठरवावं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

किंमत मात्र माणसांनी मोजली. त्याच महिन्यात जोई हेस हा १९९६ पासूनचा डेव्हलपर घटनेकडेच बोट दाखवून प्रकल्प सोडून गेला. सिस्टमडीचं पॅकेज सांभाळणाऱ्या टोलेफ फोग हीनने सततच्या शत्रुत्वाला वैतागून ते काम सोडलं. रस ऑलबरी, कॉलिन वॉटसन आणि स्वतः जॅक्सन समितीतून बाहेर पडले. जिंकलेल्या बाजूचे आणि हरलेल्या बाजूचेही. नाराजांच्या एका गटाने कोड उचलून डेव्हुआन नावाचं वेगळं लिनक्स काढलं. नुसतं ‘आम्ही चाललो’ म्हणणं सोपं असतं, यांनी मे २०१७ मध्ये खरंच पहिली स्थिर आवृत्ती आणली. मला त्यांचं कौतुक आहे, मी ते वापरत नसलो तरी.

डेबियन फुटलं नाही. एप्रिल २०१५ मध्ये आठवी आवृत्ती सिस्टमडीसह आली. २०१९ च्या शेवटी याच विषयावर पुन्हा मतदान झालं. या वेळी जिंकलेला ठराव असा, की सिस्टमडीवर भर ठेवू, पण पर्याय शोधणाऱ्यांनाही साथ देऊ. मतपत्रिकेवरचा एक प्रस्ताव पुन्हा जॅक्सनचा होता. तोही हरला. आणि डेबियनवर किंवा उबुंटूवर डेब पॅकेज इन्स्टॉल केलं की शेवटी ते उलगडून जागेवर ठेवतं ते डीपीकेजी, तेही त्यानेच नव्वदच्या दशकात घडवलेलं.