साहेबांचा इतिहास आणि मराठी वाचकाचा कौल

भंडारा जिल्ह्याचा मुलूख छापील इतिहासात आला तो प्रामुख्याने युरोपीय अधिकाऱ्यांच्या लेखणीतून. नोव्हेंबर 1817 मध्ये नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली. पुढल्या वर्षी आप्पासाहेब भोसल्यांची गादी गेली आणि अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने कंपनीचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स नागपूरचा कारभार हाकू लागला. कारभारासाठी राज्याचे जे विभाग पाडले होते, त्यांत वैनगंगा हा एक होता. आजच्या भंडाऱ्याचा प्रदेश त्यातच येत असे. जेंकिन्सने नागपूर राज्याविषयी लिहिलेला अहवाल 1827 साली कलकत्त्यास छापला गेला. त्याच सुमारास काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी नागपूरकर भोसल्यांची बखर मराठीत लिहिली, तीही जेंकिन्सच्याच सांगण्यावरून. एकाच दरबाराची ही दोन वर्णने. अहवाल लगेच छापून कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या हाती गेला, बखरीला मात्र मराठी छापखान्याची वाट पाहत अनेक दशके पडून राहावे लागले. मधल्या काळात मराठी माणसाला आपला इतिहास वाचायचा तर साहेबाने लिहिलेला वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या इतिहासांत सर्वाधिक गाजला तो जेम्स कनिंगहॅम ग्रँट डफचा. हा स्कॉटिश अधिकारी 1818 ते 1822 या काळात साताऱ्यास होता. पेशव्यांचे दप्तर, साताऱ्याचे कागद, जुन्या घराण्यांच्या सनदा आणि बखरी त्याने गोळा केल्या, नकला करून घेतल्या आणि मायदेशी परतल्यावर मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहिला. लंडनच्या एका प्रकाशकाला ग्रंथाचे नाव बदलून हवे होते. मोगलांचा पाडाव आणि इंग्रजांचा उदय असे काहीतरी नाव दिले तर खप होईल, असा त्याचा हिशेब होता. डफने ते मानले नाही. ग्रंथ 1826 साली दुसऱ्या प्रकाशकाकडून निघाला आणि डफला पदरमोड सोसावी लागली. मराठ्यांचे नाव मुखपृष्ठावर राहावे म्हणून खोट खाणाऱ्या या माणसाविषयी मराठी वाचकाने कृतज्ञ असायला हवे, आणि त्याच्यावर टीका करणाऱ्यांनीही त्याच्या कष्टांचे मोल नाकारले नाही.

कॅप्टन डेव्हिड केपनने केलेले या ग्रंथाचे मराठी भाषांतर 1829-30 च्या सुमारास निघाले. ‘मराठ्यांची बखर’ या नावाने ते शाळांत पोहोचले. शिवाजी महाराज, बाजीराव, पानिपत हे सारे मुलांनी प्रथम डफच्या क्रमाने आणि डफच्या नजरेने वाचले. वाचून मत देण्याची वेळ यायला चाळीस वर्षे जावी लागली.

ते मत दिले नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी. ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिणारे विनायक जनार्दन कीर्तने हे त्यांचे बंधू. नीळकंठराव तेव्हा पुण्यात शिकणारे तरुण विद्यार्थी होते. डफच्या बखरीवर त्यांनी टीकात्मक निबंध वाचला आणि तो ‘विविधज्ञानविस्तार’ या नव्या मासिकात 1868 साली छापून आला. त्यांचा रोख नेमका होता. डफच्या पानापानांवर स्वाऱ्या, लढाया आणि तह आहेत. पण हे राज्य उभे कसे राहिले, लोक कसे राहत, धर्म आणि समाज यांचा त्या उभारणीत वाटा काय, हे त्यातून कळत नाही. शिवाय ज्या कागदांच्या आधारावर ग्रंथ रचला, ते कागद वाचकाला पाहायला मिळाले पाहिजेत. ही दुसरी मागणी जास्त मोलाची ठरली. लेखकाचा निष्कर्ष आवडत नाही म्हणून तक्रार करणारे वाचक प्रत्येक काळात असतात. आधार दाखवा म्हणणारा वाचक मात्र विरळा, आणि त्याच्या मागणीतूनच पुढचे काम उभे राहते.

तसेच झाले. 1878 साली ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू झाले आणि काशिनाथ नारायण साने यांच्यासारख्या संपादकांनी बखरी आणि पत्रे छापायला घेतली. वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 सालचा. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथात डफच्या एका प्रसिद्ध उपमेलाच हात घातला. सह्याद्रीच्या रानात वाळलेल्या गवताला लागणाऱ्या वणव्यासारखा मराठ्यांचा उठाव झाला, अशी डफची मांडणी होती. रानड्यांचे म्हणणे असे की वणवा अवचित पेटतो आणि विझतो. दीडशे वर्षे टिकलेल्या सत्तेमागे संतांनी घडवलेला समाज आणि विचाराने उभारलेली राज्यव्यवस्था होती. भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 साली पुण्यात स्थापन झाले. एका परकीय ग्रंथाविषयीच्या नापसंतीतून एवढी संस्थात्मक घडण झाल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे.

नागपूरकडची बाजू यायला आणखी उशीर लागला. पुण्याच्या अभ्यासकांचे लक्ष साहजिकच पेशव्यांकडे असे. या. मा. काळे यांचा ‘नागपूरकर भोसल्यांचा इतिहास’ 1934 साली निघाला आणि वैनगंगेच्या खोऱ्यातल्या वाचकाला आपल्या राज्याचा सलग इतिहास मराठीत मिळाला. या इतिहासातला सर्वांत अवघड भाग भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांचा आहे. इंग्रजी लेखकांनी तिथली लूट रंगवून सांगितली. मराठी वाचकाने बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने 1744 साली भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांचा भेटीला बोलावून केलेला घात आणि चौथाईचा हक्क पुढे केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण लुटीची साक्ष केवळ इंग्रजांची नाही. गंगारामाचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य त्याच काळातले आहे आणि बर्गींची, म्हणजे मराठा घोडेस्वारांची, धास्ती बंगालच्या अंगाईगीतात आजही उरली आहे. इंग्रजाला कागद मागणाऱ्याने बंगाल्याची साक्षही वाचली पाहिजे.

खुद्द युरोपच्या इतिहासाकडे मराठी वाचक वेगळ्या भुकेने गेला. तिथे त्याला पुरावा तपासायचा नव्हता, वाट शोधायची होती. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये भाषांतरित केलेले इटलीचा देशभक्त मॅझिनी याचे आत्मचरित्र आणि राजकारण 1907 साली महाराष्ट्रात प्रसिद्ध झाले. ते टिळक आणि शि. म. परांजपे यांना अर्पण केलेले होते. त्याची प्रस्तावना तरुणांनी तोंडपाठ केली. सरकारने पुस्तक जप्त केले आणि दुसरी आवृत्ती 1946 साली निघाली. न. चिं. केळकरांचा ‘आयर्लंडचा इतिहास’ 1909 चा. इटली काय, आयर्लंड काय, वाचक त्यात हिंदुस्थानच पाहत होता. पारतंत्र्यात ते स्वाभाविक होते, तरी इतिहास अशा तऱ्हेने वाचला की त्यातला नायकच तेवढा दिसतो.

स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या महायुद्धाने मराठी कपाटे भरली. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि वि. स. वाळिंबे यांचे ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ ही पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. कानिटकरांनी नावातच निवाडा देऊन टाकला होता: दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा हात शेवटी स्वतःच्याच डोक्यावर येतो. तरीही हिटलरच्या आत्मकथनाची भाषांतरे आजही रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्याकडे मिळतात आणि शिस्तीचा, जिद्दीचा धडा म्हणून कोणी कोणी ती नेतात. त्याच युद्धातली ॲन फ्रँकची रोजनिशीही मराठीत आहे. ती वाचल्यावाचून हिटलरविषयीचे मत पुरे होत नाही.

भंडाऱ्याविषयीचे इंग्रजी लेखनही आधार आणि दुसऱ्या बाजूची साक्ष मागण्याच्या याच कसोटीवर घासून पाहावे लागते. चार्ल्स ग्रँटचे मध्य प्रांताचे गॅझेटियर 1870 सालचे, रसेलचे जिल्हा गॅझेटियर 1908 सालचे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 सालच्या जातिवर्णनात कोहळी समाजाच्या तळी बांधण्याच्या कसबाची नोंद आहे. धान, ऊस, तलाव आणि सारा यांविषयी ही पुस्तके भरवशाची आहेत, कारण सारा वसूल करायचा तर तलावाची माहिती अचूक लागते. तलाव बांधणाऱ्या माणसाचे स्वतःचे म्हणणे मात्र त्यांत सापडत नाही. प्राचीन काळाच्या बाबतीत तर ती जुनी झाली आहेत. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी पवनी येथे 1969-70 मध्ये केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूप उघडकीस आले आणि जिल्ह्याचा इतिहास भोसले-गोंडांच्या पार दोन हजार वर्षे मागे गेला.

1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात तालुक्यांपर्यंत अनुदानित वाचनालयांची सोय झाली. भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीच्या वाचकाने गॅझेटियर आणि काळ्यांचा ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत, आणि ज्यांच्या घरी मालगुजारीच्या काळातले मोडी कागद असतील त्यांनी ते वाळवीला न देता एखाद्या संशोधन संस्थेकडे वाचनासाठी द्यावेत.