ओल्या सदऱ्यावरची हवा

दोरीवरचा ओला सदरा उन्हाने वाळतो असे आपण म्हणतो. मग ढगाळ पण वाऱ्याच्या दिवशी तो वाळतो कसा, आणि बंद खोलीत कुबट का राहतो? या प्रश्नाचा उलगडा व्हायला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

इ. स. १६८७ मध्ये एडमंड हॅले (धूमकेतूवाले तेच) यांनी सुमारे ८ इंच व्यासाच्या भांड्यात खारे पाणी घेऊन ते तराजूच्या दांडीला टांगले व उन्हाळ्यातील हवेइतके उबदार ठेवले. दोन तासांत सुमारे अर्धा औंस पाणी घटले. तेवढ्यावरून त्यांनी भूमध्य समुद्रातून दिवसाला ५२८ कोटी टन वाफ उठते, असा हिशेब मांडला! वारा मात्र त्यात धरला नव्हता. पुढे १६९३ साली लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजात, ऊनवारा न लागणाऱ्या खोलीत ठेवलेले पाणी वर्षभरात जेमतेम ८ इंच घटले.

याचा नियम सांगितला जॉन डाल्टन यांनी. विणकराचा हा मुलगा बाराव्या वर्षीच शाळेत शिकवू लागला. क्वेकर पंथाचा असल्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी त्याला बंद होती. पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे. मँचेस्टरला शिकवण्या करीत असतानाच, १८०२ मध्ये, त्यांनी दाखवून दिले की पाण्यालगतच्या वाफेचा दाब व हवेत आधीच असलेल्या वाफेचा दाब यांत जितका फरक, तितके बाष्पीभवन जलद. आणि वाऱ्याने ते आणखी वाढते.

वारा नेमके करतो काय? १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांटल यांनी छोटासा निबंध वाचला. हवा असो वा पाणी, घन पृष्ठभागाला टेकलेला त्याचा भाग तेथेच चिकटून राहतो. वेग वाढत जातो तो त्यावरच्या पातळ थरात. सदऱ्यावरही असाच थर असतो. कापडातली वाफ त्यातून वाट काढीत बाहेर पडते. वारा पडला की थर जाड होतो व वाफेने भरून जातो. वारा सुटला की तो पातळ होतो.

आपल्याकडे हवामान केंद्रांवर सुमारे १२२ सेंटिमीटर व्यासाच्या उथळ भांड्यात रोज पाण्याची घट मोजतात. पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून वर जाळी असते. तिच्यामुळेही घट थोडी कमी भरते. उघड्या भांड्याच्या कडा उन्हाने तापतात, म्हणून त्याचा आकडा तलावाला लावताना साधारण ०.७ ने गुणावा लागतो. हॅले यांनी आपल्या भांड्यावरून थेट समुद्र गाठला होता.