पाली वाङ्मयातील डुक्कर आणि त्याचे पालक

कम्मारपुत्त चुंदाने पावा येथे तथागतांना दिलेल्या भोजनातील ‘सूकरमद्दव’ म्हणजे काय, याविषयी प्राचीन काळापासून मतभेद आहेत. उदान-अट्ठकथेत डुकराचे कोवळे मांस, डुकरांनी तुडविलेले वेळूचे कोंब, तशाच जागी उगवलेली अळंबी आणि एक रसायन, असे चार अर्थ आढळतात. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात हा प्रश्न आडपडदा न ठेवता चर्चिला. या एका शब्दावर जितकी शाई खर्च झाली, तितके लक्ष अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपाताकडे मात्र गेले नाही. तेथे वैशालीचा उग्ग गृहपती बोरे घालून शिजविलेले डुकराचे मांस अर्पण करतो आणि तथागत ते स्वीकारतात. तेथे शब्दच्छलाला वाव नाही.

जातककथांतील डुक्कर तर घरातलेच आहे. वड्ढकीसूकर जातकात वाराणसीजवळचा एक सुतार खड्ड्यात सापडलेले पिलू वाढवितो. ते मोठे होऊन त्याला वाकस, पटाशी आणून देते, मापाच्या दोरीचे टोक धरते. तुण्डिल जातकातील वृद्धा कापसाच्या शेतातून टोपली घेऊन परतताना दोन पिले उचलते आणि पुत्रवत सांभाळते. दारू पाजल्यावरच ती धाकट्याला विकण्यास तयार होते.

पाली ग्रंथांत डुकराची निंदा नाही, असे नव्हे. धम्मपदात आळशी खादाडाला पोसलेल्या डुकराची उपमा आहे. धम्मपद-अट्ठकथेतील चुंदसूकरिकाने (हा पावेचा चुंद नव्हे) पंचावन्न वर्षे डुकरे मारली व त्याचा अंत भयंकर झाला. परंतु तेथे दोष हिंसेचा आहे, विटाळाचा नाही.

विटाळाची कल्पना पुढे प्राण्यापेक्षा माणसालाच अधिक चिकटली. नागपूरजवळ रामटेकच्या डोंगरावर वाकाटककालीन पाषाणाचा भव्य वराह आहे. लोक त्याची पूजा करतात. त्याच प्रदेशात टोपल्या विणून डुकरे पाळणाऱ्या कैकाडी समाजाची वस्ती गावाबाहेर राहिली. डुक्कर नांगर ओढत नाही, दूध देत नाही. गावाने टाकलेले खाऊन ते मांस देते. म्हणून ज्याच्यापाशी जमीन नाही, त्याला ते परवडते. नागराज मंजुळे यांच्या 2013 च्या ‘फँड्री’ चित्रपटाचे नावच मुळी कैकाडी बोलीतील डुकराचे नाव आहे.

आज हा समाज विदर्भात अनुसूचित जातींत, तर उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणला जातो. ही रेषा जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडची आहे. एकेकाळी हैदराबाद संस्थानात असलेला राजुरा तालुका म्हणूनच तिच्या बाहेर राहिला.