वेताळाचा शिक्का आणि स्वतंत्रपूर

सुपरहिरोंवर एक भाग करा, असं बरेच जण सांगत होते. मी टाळत होतो, कारण आपला हा कट्टा इतिहासाचा, आणि सुपरहिरो म्हटलं की मी इतिहासकार राहत नाही, सरळ चाहता होतो. पण आज करूनच टाकू. सुरुवात न्यूयॉर्कपासून नको, आमच्या आटपाडीपासून करू. कारण या विषयातली माझी सगळ्यात ठाम मतं तिथेच तयार झाली, आणि त्यातलं एक मत बनायला मला एक चूक करावी लागली.

चौथीत होतो. आमच्याकडे तेव्हा इंद्रजाल कॉमिक्स यायची, तीही नवी नाहीत. आठवडी बाजारात रद्दीवाल्याकडून, कव्हर फाटलेली. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालली. पहिले बत्तीस अंक एकाच माणसाचे होते. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात सुरू केलेला फँटम. मराठीत तो झाला वेताळ.

आता हे नाव बघा. नुसतं भाषांतर करायचं तर ‘भूत’ म्हणून भागलं असतं. पण वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि आपल्याकडे तोच कित्येक गावांच्या शिवेवर शेंदूर लावून राखणीलाही बसलेला असतो. भीती पण वाटते आणि आधारही वाटतो. फॉकच्या नायकाचं वर्णन करायला याहून नेमका शब्द मिळाला नसता. भारतीय आवृत्तीत आणखीही बदल झाले. मूळचं बेंगाला इथे डेंकाली झालं. सिंग नावाची चाच्यांची टोळी सिंगा झाली, उगीच कुणाचं मन दुखायला नको म्हणून. रूपांतर म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा तिथे शिकलो. नाव-गाव बदला, पण त्या माणसाच्या पोटातलं बदलू नका.

वेताळाकडे कुठलीही दैवी शक्ती नाही. चारशे वर्षं बापाकडून मुलाकडे आलेली एक शपथ, एक मुखवटा आणि दोन अंगठ्या. उजव्या हातातल्या अंगठीवर कवटी. ठोसा बसला की ती कवटी गुन्हेगाराच्या जबड्यावर उमटते आणि जन्मभर जात नाही. डाव्या हातातल्या अंगठीचा शिक्का शुभ. तो ज्याला मिळाला, त्याला वेताळाचं संरक्षण.

तर आम्ही पोरांनी बटाटा कापून कवटीचा शिक्का कोरला. एकाच्या वडिलांच्या कचेरीतली शिक्क्याची जांभळी शाई मिळाली. दुसरा, शुभ शिक्का करायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. गुन्हेगार पाहिजे होता, तो आमच्या वर्गातच होता. म्हणजे आम्ही ठरवलं तसं. तो मुलगा स्वतंत्रपूरहून यायचा. त्याचे वडील तिथे शिक्षा भोगत होते. दोघांनी हात धरले आणि शिक्का मी मारला, गालावर. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा गाल घासून घासून लाल झाला होता, तरी जांभळा डाग होताच. कुणाला सांगितलं नाही त्याने. मी माफीही मागितली नाही. पुढच्या वर्षी तो दिसला नाही.

स्वतंत्रपूर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आटपाडीजवळची ती खुली कैदी वसाहत आहे. बिनभिंतीचा तुरुंग. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. चित्रातून गोष्ट सांगायचं वेड एवढं, की १९१६ साली त्यांनी ‘चित्ररामायण’ छापलं. माझ्यासारख्याला वाटतं, चित्रकथेच्या चाहत्याला याहून चांगला राजा कुठला! याच राजाने जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून कारभार प्रजेच्या हाती दिला. आणि त्याच वर्षी, पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने, स्वतंत्रपूर उभं राहिलं. कैद्यांनी शेती करायची आणि बायकामुलांसह तिथेच राहायचं. संस्थान १९४८ साली विलीन झालं, वसाहत मात्र राहिली. आजही आहे.

आता १९३९ हे साल डोक्यात ठेवा. त्याच वर्षी मे महिन्याच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात बॅटमॅन जन्माला आला. त्या पहिल्या गोष्टीत गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडून मरतो, आणि बॅटमॅनला त्याचं काही वाईट वाटत नाही. पुढच्या वर्षी जोकर आला. त्याला पहिल्याच अंकाच्या शेवटी मारायचं ठरलं होतं. संपादकांना वाटलं, एवढा झकास खलनायक वाया कशाला घालवायचा? शेवटचं एक चित्र वाढवलं आणि जोकर वाचला.

माझ्या मते सुपरहिरोंचा सगळा इतिहास त्या एका वाढीव चित्रात आहे. पुढचा अंक निघायचा तर खलनायक परत आला पाहिजे. परत यायचा तर तो सुधारता कामा नये. म्हणून १९७४ साली गॉथममध्ये अर्कहॅम नावाचं वेड्यांचं इस्पितळ आलं, आणि तिथून कैदी पळतच राहिले. हिरो मारत नाही, हे त्याचं मोठेपण आपण मिरवतो. पण हिरो कुणाला सुधारतही नाही, हे आपण बोलत नाही. भिंती उंच, दारं पोलादी, तरी सगळे पळतात. इकडे आमच्या माळावर भिंतच नाही!

आणि हा नुसता कागदावरचा खेळ नव्हता. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमातींवर जन्मतःच शिक्का. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं, आणि लोकांच्या मनातला शिक्का अजून पुरता गेलेला नाही. बटाट्याच्या शिक्क्यावर हसू येत असेल, तर हे आठवून बघा.

आता सिनेमाकडे. वेताळावर १९४३ साली पंधरा भागांची मालिका निघाली, टॉम टायलर वेताळ. मग १९९६ साली बिली झेनचा ‘द फँटम’. मी तो फार आशेने पाहिला. पोशाख बरोबर, घोडा बरोबर, गुहा तर अगदी झकास. पण गोष्ट कसली, तर तीन जादूच्या कवट्यांची शोधाशोध. ज्या माणसाची सगळी गंमत ‘जादू नाही, नुसता दरारा’ ही, त्याच्या सिनेमाला जादूच्या कवट्या लागाव्यात? तिकीटबारीवर तो आपटला, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. कपडे उतरले पडद्यावर, शपथ नाही उतरली.

मग माझ्या मते सगळ्यात चांगला सुपरहिरो सिनेमा कुठला? हसू नका. ‘दो आँखें बारह हाथ’, १९५७. दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांची. स्वतंत्रपूरच्या प्रयोगावरूनच ही कथा आली. सहा खुनी कैद्यांना घेऊन जेलर आदिनाथ ओसाड जमिनीवर जातो. मुखवटा नाही, बंदूक नाही, फक्त दोन डोळे. कैदी पळायला निघतात, ते डोळे आठवतात आणि परत फिरतात. व्यापारी बैल सोडतो, आदिनाथ त्यात मरतो. खिलार बैल पाहत वाढलेल्या आमच्या भागातल्या माणसाला ती झुंज बघताना घाम फुटतो. ती करताना शांतारामांच्या डोळ्यांना खरोखर गंभीर इजा झाली होती. बर्लिनमध्ये सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं.

पण चाहता म्हणून माझी एक तक्रार या सिनेमावरही आहे. स्वतंत्रपूर एका माणसाच्या डोळ्यांवर चाललं नाही. जमीन होती, काम होतं, घरचं माणूस जवळ होतं, आणि हे सगळं टिकवणारा नियम होता. सिनेमाने ते एका नायकात कोंबलं. पडद्याची ही जुनी खोड आहे. व्यवस्था दिसत नाही, चेहरा दिसतो. तरी गदिमांना मी मानतो, कारण त्यांनी मुख्य गोष्ट सोडली नाही. नायक मरतो आणि ते सहा जण परत खुनी होत नाहीत. पुढच्या अंकासाठी जोकर राखून ठेवलेला नाही.

हॉलिवूडला हे सुचायला २०२१ उजाडलं. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ मध्ये पीटर खलनायकांना मरायला परत पाठवायचं नाकारतो. म्हणतो, यांना बरं करू. त्याची फार मोठी किंमत तो देतो, आपली काकू गमावतो. थेटरात लोक तीन स्पायडरमॅन एकत्र आले म्हणून शिट्ट्या मारत होते. मी मात्र त्या निर्णयाला गप्प झालो होतो. पण तिथेही बरं करायचं ते औषधाने आणि यंत्राने. टोचलं की सुधारला. स्वतंत्रपुरात सुधारायला पिकं काढावी लागतात, पावसाची वाट बघावी लागते. माणदेशात पाऊस किती, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे धीर किती लागत असेल, हिशेब करा.

वेताळ मला अजून आवडतो. जुने अंक जपून ठेवलेत. पण हल्ली वाचताना माझं लक्ष उजव्या हाताकडे जात नाही, डाव्या हाताकडे जातं. ती दुसरी अंगठी पहिल्यापासून तिथेच होती, ली फॉकने दिलेली. आम्हीच ती वाचली नाही. तो मुलगा आता माझ्याच वयाचा, पन्नाशीकडे झुकलेला असेल. हे कुठे ऐकत असशील, तर मित्रा, शिक्का मी मारला होता. चुकलं माझं.

आजचं इथेच थांबवतो. या आठवड्यात ‘दो आँखें बारह हाथ’ जरूर बघा, शक्य तर घरातल्या पोरांना घेऊन. आणि तुमच्या लहानपणीच्या कुठल्या हिरोने कुणाला सुधारलं होतं, हे आठवून कळवा. मला एकही नाव सापडलेलं नाही. भेटू पुढच्या भागात.