शोधपट्टीचा इतिहास: विचारायचं कुणी, शोधायचं कुणी?

आजचा विषय दिसायला लहान आहे: प्रोग्रॅमच्या खिडकीतली शोधपट्टी. एक भिंग, लिहायला एक चौकट आणि मजकूर पुसायला एक फुली. यात इतिहास कसला, असं वाटेल. पण एका प्रोग्रॅमसाठी केलेली पट्टी दुसऱ्यात जशीच्या तशी बसावी, यासाठी बरीच वर्षं गेली. चौकट काढणं अवघड नव्हतं. पट्टीने कोणतं काम करायचं आणि कोणतं करायचं नाही, हे ठरवणं अवघड होतं.

सुरुवातीला शोध हा प्रोग्रॅमच्या पोटातच असे. १९७० च्या दशकात एमआयटीत घडलेल्या ईमॅक्स या संपादकात अक्षरागणिक शोध पुढे सरकत असे. १९८७ साली जेफ रास्किन यांच्या कॅनन कॅट या यंत्रात तर स्पेसबारखाली ‘लीप’ नावाच्या दोन खास कळा होत्या, एक पुढे शोधायला आणि एक मागे. कल्पना उत्तम, पण ती त्या यंत्रातच शिवलेली. उसवून दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती.

वळण आलं ते १९९२ मध्ये, विंडोज ३.१ बरोबर. फाइल उघडणं, छापणं, रंग निवडणं अशा नेहमीच्या कामांचे डायलॉग मायक्रोसॉफ्टने एका सामायिक लायब्ररीत ठेवले. त्यात शोधाचाही होता. आता गंमत बघा, हा डायलॉग स्वतः काहीच शोधत नाही! शब्द कोणता, इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं वेगळी धरायची का, अख्खा शब्दच हवा का, वर जायचं की खाली, एवढं तो विचारतो आणि मालक खिडकीला निरोप धाडतो. शोधणं हे मालकाचं काम. मजकूर कुठे आणि कसा साठवलाय, हे डायलॉगला माहीतच नसतं, आणि म्हणूनच तो कुठेही चालतो. आज आपण ज्याला इव्हेंट किंवा सिग्नल म्हणतो, त्यामागे हीच वाटणी आहे.

उणीव एकच होती: डायलॉग मजकुरावर येऊन बसायचा, आणि बटण दाबेपर्यंत काही घडायचं नाही. २००३ मध्ये मॅक ओएस एक्स १०.३ बरोबर ॲपलने भिंग, फुली आणि अलीकडच्या शोधांची यादी असलेली तयार चौकट प्रोग्रॅमरांच्या हाती दिली. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या फायरफॉक्स १.० ने पानातल्या शोधाची पट्टी खिडकीच्या तळाशी नेली. मजकूर मोकळा झाला आणि शोध टाइप करता करताच होऊ लागला.

पण मग नवी अडचण आली. दर कळीला निरोप गेला, तर पाच अक्षरी शब्दासाठी पाच वेळा शोध! माहिती मोठी असेल तर खिडकी अडखळणारच. २०१३ च्या जीटीके ३.१० मध्ये यावर साधा तोडगा दिसतो: शोधाच्या चौकटीचा ‘मजकूर बदलला’ हा सिग्नल १५० मिलिसेकंद थांबून जातो. हात चालू असेपर्यंत पट्टी गप्प. हे थांबणं पट्टीच्या आत आल्यामुळे ते प्रत्येक प्रोग्रॅममध्ये नव्याने लिहावं लागलं नाही.

आता आपल्या भाषेकडे येऊ. ‘गोऱ्हे’ हे आडनाव घ्या. यातला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो: सरळ ‘ऱ’ हे अक्षर घेऊन, ‘र’ खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात, पण संगणकाला ते तीन वेगळे शब्द. युनिकोडचं प्रमाणीकरण पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला करत नाही. तो जोडक नुसता गाळला, तर ‘गोर्हे’ असा भलताच शब्द हाती येतो. म्हणून तिसऱ्या तऱ्हेसाठी वेगळा नियमच लिहावा लागतो.

हा नियम कुठे ठेवायचा? पट्टीत ठेवला, तर शोधलेला शब्द बदलतो, पण साठवलेली नोंद तशीच राहते आणि दोघांचं जुळत नाही. तो शोधणाऱ्या भागात हवा, शब्दाला आणि नोंदीला सारखाच लागू होणारा. तो नसेल तर कार्यालयातल्या यादीत नाव असूनही माणसाला ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर मिळतं, आणि तो बिचारा मुकाट्याने परत जातो.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी शोधपट्टी करत असेल, तर विचारणं आणि थांबणं पट्टीकडे द्या, जुळवणं बाहेर ठेवा. आणि तपासताना ‘गोऱ्हे’ तिन्ही तऱ्हांनी टाइप करून पाहा. तिन्ही वेळा तेवढ्याच नोंदी यायला हव्यात.