भूगोल पाठनियोजन

भूगोल पाठनियोजन म्हणजे भूगोलाच्या एखाद्या घटकाचे अध्यापन कोणत्या प्रश्नापासून सुरू करावयाचे, विद्यार्थ्यांनी काय पाहावयाचे, मोजावयाचे व रेखाटावयाचे आणि शेवटी त्यांना काय उमगले पाहिजे, याची तासिकेपूर्वी केलेली आखणी होय. तिच्या लेखी रूपास शाळांत पाठटाचण म्हणतात. वार्षिक नियोजन, घटक नियोजन व पाठनियोजन अशा तिच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. प्रस्तुत लेखात मुख्यतः इयत्ता नववी व दहावीच्या वर्गांतील पाठनियोजनाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

परिसराच्या निरीक्षणापासून भूगोल शिकवावा, हा विचार युरोपात योहान हाइनरिश पेस्टालोझी (१७४६–१८२७) यांच्या शाळेत प्रत्यक्षात आला. स्वित्झर्लंडमधील इव्हर्दाँ येथे त्यांचे विद्यार्थी जवळच्या खोऱ्यात फिरून येत, येताना माती आणीत आणि पाहिलेल्या खोऱ्याची प्रतिकृती तयार करीत. नकाशा त्यानंतर हाती येई. आधुनिक भूगोलाचे एक प्रवर्तक कार्ल रिटर यांनी या शाळेस भेट दिली होती आणि तिचा प्रभाव त्यांच्या विचारांवर पडला.

भारतातील अध्यापक महाविद्यालयांत मात्र दीर्घकाळ हर्बार्ट यांच्या अनुयायांची पंचपदी रूढ राहिली. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन व गृहपाठ हे पाठटाचणातील रकाने त्या परंपरेतून आलेले आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाचा पुरस्कार झाला आणि रकान्यांची नावे बदलली. रकाने कोणतेही असोत, ते भरले म्हणजे पाठ तयार झाला असे होत नाही. प्रस्तावनेत तीन प्रश्न विचारून चौथ्याला ‘आज आपण पर्जन्य हा घटक शिकणार आहोत’ असे सांगणारे टाचण नियमाला धरून असते. विद्यार्थ्याला त्यात शोधावयाचे असे काहीच नसते.

मध्यवर्ती प्रश्न

महाराष्ट्रातील दहावीच्या परीक्षेत भूगोलाची लेखी उत्तरपत्रिका ४० गुणांची असते आणि ‘भौगोलिक कारणे लिहा’ हा तिच्यातील परिचित प्रश्नप्रकार आहे. कारणे शोधणे हे या विषयाचे मर्म. परंतु व्यवहारात तयार उत्तरांच्या पाठांतराला सर्वाधिक वाव याच प्रश्नाने दिला आहे. म्हणून पाठाची आखणी करताना आधी एकच मध्यवर्ती प्रश्न निवडणे उपयुक्त ठरते. तो प्रश्न विद्यार्थ्यांच्या माहितीतील गोष्टीवर उभा असावा आणि त्याचे सहज सुचणारे पहिले उत्तर अपुरे ठरणारे असावे. पुढील दोन पाठ या पद्धतीचे आहेत.

उदाहरण १ : सावलीवरून अक्षांश

अक्षवृत्ते व रेखावृत्ते हा घटक बहुधा पृथ्वीगोलावरील रेषा दाखवून शिकवला जातो. मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी करून तोच घटक मोजून शिकता येतो. विषुवदिनी, म्हणजे २०–२१ मार्च किंवा २२–२३ सप्टेंबरच्या सुमारास, मध्यान्हीच्या सूर्यकिरणांचा काठीशी होणारा कोन त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका असतो. पुण्यात (सुमारे १८.५° उत्तर) त्या दिवशी सर्वांत लहान सावली ३३ ते ३४ सेंटिमीटर भरते. काठी व सावली यांचा त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून कोनमापकाने कोन मोजता येतो. नववीच्या गणितात त्रिकोणमिती येत असल्याने तीही वापरता येते.

पाठाची खरी सुरुवात विद्यार्थी घड्याळात १२ वाजता सावली मोजतात आणि ती त्यानंतरही आखूड होत राहते, तेथे होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि पुणे ७३.८५° पूर्वेवर आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पुण्याची मध्यान्ह सरासरी ३५ मिनिटे उशिरा होते; वर्षभरात सूर्याच्या गतीत दिसणाऱ्या फरकामुळे ती सप्टेंबरच्या विषुवदिनी १२ वाजून २७ मिनिटांच्या आसपास, तर मार्चमध्ये १२ वाजून ४२ मिनिटांच्या आसपास येते. स्थानिक वेळ व प्रमाणवेळ यांतील भेद पाठ करावा लागत नाही, तो जमिनीवर खुणा करताना दिसतो. यासाठी १२ ते १ या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करण्याचे काम एका गटाकडे द्यावे आणि तासिका त्याप्रमाणे मागून घ्यावी.

दूरच्या दोन शाळांनी एकाच दिवशी मोजणी केल्यास एरॅटोस्थेनिसची पृथ्वीचा परीघ काढण्याची रीत पुन्हा करून पाहता येते. कोल्हापूर (१६.७°) येथे सावली ३० सेंटिमीटर, तर जळगाव (२१°) येथे सुमारे ३८ सेंटिमीटर मिळते. दोन कोनांतील फरक ४.३°, नकाशावरून दोन्ही ठिकाणांमधले केवळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४८० किलोमीटर. त्यावरून परीघ ४०,००० किलोमीटरांच्या जवळपास येतो. सावलीच्या मापात एक सेंटिमीटर चूक झाली तर कोनात अर्ध्या अंशाची चूक होते आणि उत्तर हजारो किलोमीटरांनी बिघडते. असे बिघडलेले उत्तर वर्गात लपवू नये. चूक कोठे झाली असावी याची चर्चा बरोबर उत्तरापेक्षा अधिक शिकवून जाते.

नियोजनात हवामानाचा विचार अपरिहार्य आहे. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे वर्षातून दोनदा सूर्य थेट माथ्यावर येतो. पण पुण्यासारख्या ठिकाणी ‘शून्य सावली’चे हे दिवस मेच्या मध्यास, म्हणजे सुट्टीत, आणि जुलैच्या अखेरीस, म्हणजे ढगांत, येतात. सप्टेंबरमध्येही आभाळ भरून येऊ शकते. विषुवदिनाच्या आधी वा नंतर मोजणी केल्यास दर दिवसामागे सुमारे ०.४° इतकी दुरुस्ती करावी लागते, हे टाचणात आधीच लिहून ठेवावे.

उदाहरण २ : पर्जन्यछाया

मध्यवर्ती प्रश्न असा : महाबळेश्वर व पाचगणी या दोन्ही थंड हवेच्या ठिकाणांच्या उंचीत फारसा फरक नसताना पाचगणीत पाऊस एकतृतीयांशाहून कमी का?

‘उंच डोंगरावर पाऊस जास्त’ हे बहुतेकांचे पहिले उत्तर. ते तपासण्यासाठी पश्चिमेकडून पूर्वेकडे पाच ठिकाणे फळ्यावर मांडली जातात. पोलादपूर घाटाच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, तरी तेथे ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे ६,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर असून पाऊस २,००० मिलिमीटरांहून कमी. वाईत तो हजाराच्याही खाली येतो आणि माण तालुक्यातील दहिवडीत ५०० च्या आसपास उरतो. महाबळेश्वर ते दहिवडी हे सरळ अंतर शंभर किलोमीटरांच्या आत आहे. केवळ उंचीने पाऊस ठरत असता तर पाचगणी महाबळेश्वराच्या बरोबरीला असती आणि पोलादपूर कोरडे राहिले असते.

यानंतर विद्यार्थी या पाच ठिकाणांचा छेद आलेखकागदावर काढतात आणि त्याच्याखाली पावसाचे स्तंभ उभे करतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे येथे उपयोगी पडतात. त्यांवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि समोच्चरेषांतील अंतर सामान्यतः २० मीटर असते. छेदावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा बाण काढला की वर चढणारी, थंड होणारी व बाष्प टाकणारी हवा आणि पलीकडे उतरताना उबदार व कोरडी होणारी हवा यांचा क्रम मुले स्वतः सांगू लागतात. ‘प्रतिरोध पर्जन्य’ व ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हे शब्द या टप्प्यावर द्यावेत, आधी नव्हे.

दहावीचे २०१८ पासूनचे पाठ्यपुस्तक भारत व ब्राझील यांच्या तुलनेवर रचलेले आहे. त्यामुळे या पाठाचे उपयोजन सहज साधते. ईशान्य ब्राझीलमधील ‘अवर्षण चतुष्कोन’ उच्चभूमीच्या कोणत्या बाजूस असेल, असा प्रश्न नकाशा दाखवण्यापूर्वी विचारावा. ‘डोंगराच्या पूर्वेला कमी पाऊस’ एवढेच ज्याने लक्षात ठेवले तो येथे चुकतो, कारण ब्राझीलच्या किनाऱ्यावर बाष्प आणणारे वारे पूर्वेकडून, अटलांटिक महासागरावरून येतात आणि कोरडा प्रदेश आतल्या, पश्चिमेकडील बाजूस आहे. पाठ समजला की पाठ झाला, हे या एका प्रश्नाने कळते.

हाच पाठ माण, खटाव किंवा आटपाडीच्या शाळेत घेताना अधिक काळजी आवश्यक असते. तेथील मुलांना टँकरच्या रांगा नकाशावाचून माहीत असतात. गाव पर्जन्यछायेत आहे म्हणून तेथे टंचाई अटळ, असा अर्थ त्यांनी काढला तर शास्त्र बरोबर शिकवूनही पाठ फसला असे म्हणावे लागेल. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हेही कमी पावसाचे गाव. तेथे पाणलोटाची कामे झाली आणि पडलेल्या पावसाच्या आधारे पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली जाऊ लागली. कमी पाऊस आणि पाणीटंचाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा उदाहरणाने स्पष्ट होते. ऊस कोठे व कोणाच्या पाण्यावर उभा आहे, हा प्रश्न मग मुलांकडूनच येतो. त्याला वर्गात जागा द्यावी. पाऊस निसर्ग देतो, वाटप माणसे करतात, आणि दोन्ही भूगोलाचेच विषय आहेत.

साधने व क्षेत्रभेट

एका मिलिमीटर पावसाचा अर्थ एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, एवढे समजले की सरळ बाजूंचा डबा व मोजपट्टी हे पुरेसे पर्जन्यमापक ठरते. शाळेची नोंद महसूल मंडळनिहाय प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांशी ताडून पाहता येते. भिंतीवरचा नकाशा रंगीत असला तरी मागच्या बाकावरून वाचता येत नाही. शिक्षकाने फळ्यावर टप्प्याटप्प्याने काढलेली आकृती मुलांच्या वहीत अधिक चांगली उतरते. प्रक्षेपकावरील चित्रफितीचा उपयोग दूरच्या प्रदेशासाठी करावा, शाळेमागच्या ओढ्यासाठी नव्हे.

दहावीच्या पुस्तकात ‘क्षेत्रभेट’ हा स्वतंत्र पाठ आहे. तो बहुतेक ठिकाणी वाचून संपवला जातो. परवानगी, वाहन व खर्च या अडचणी खऱ्या आहेत. परंतु आठवडी बाजारात माल कोणत्या गावांतून आला याची विचारपूस करून तो आराखडा नकाशावर दाखवणे हीही क्षेत्रभेटच होय. प्रश्नावली आधी वर्गात तयार करावी, दहा प्रश्नांपेक्षा अधिक नसावी.

वेळ व मूल्यमापन

अनेक शाळांत भूगोल इतर विषयाचे पदवीधर शिक्षक शिकवतात, तासिका मोजक्या असतात आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई असते. प्रत्येक घटक वरील पद्धतीने घेणे शक्य नाही. एका सत्रात असे तीन-चार पाठ नीट आखावेत आणि उरलेले घटक त्यांच्याशी जोडून जलद घ्यावेत, ही व्यवहार्य वाट आहे. पर्जन्यछायेच्या पाठानंतर लोकसंख्येच्या वितरणाचा नकाशा वाचायला फार वेळ लागत नाही.

मूल्यमापनात पुस्तकातील प्रदेश तसाच न विचारता अपरिचित प्रदेशाचा नकाशा, वाऱ्याचा बाण व पर्वतरांग देऊन पावसाचा अंदाज मागता येतो. पाठ संपल्यावर टाचणाच्या समासात तीन गोष्टी लिहून ठेवण्याची पद्धत उपयुक्त आहे : कोणत्या क्षणी वर्ग गप्प झाला, कोणते चुकीचे उत्तर अनेकांनी दिले आणि कोणत्या कामाला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लागला. पुढच्या वर्षीचे टाचण या नोंदींवरून लिहिले जाते. तपासणीच्या वेळी हा समास सहसा कोणी वाचत नाही.